साय कुठे जाते

खुर्चीत बसण्याआधी केतकी चपला काढायची. पर्स हुकाला, मोबाइल टेबलावर, हातातल्या दोन बांगड्या ड्रॉवरमध्ये, इतकंच काय, केसांतला चापसुद्धा. मग श्वास सोडून, खाली अंडी मांडून ठेवली असावीत अशा बेतानं ती अलगद टेकायची. या सगळ्या खटाटोपानं फार तर शंभर ग्रॅम कमी भरतात, हे संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. तरी ती करायची. अख्खा मजला करायचा.

सोमवारी सकाळी टेबलाच्या कोपऱ्यातला सुपारीएवढा दिवा आधी पांढरा लुकलुकला, मग पिवळा झाला. आणि पिवळाच राहिला.

"तिसरा सोमवार ना गं हा?" शेजारच्या टेबलावरून विदुलानं विचारलं. विचारताना ती स्क्रीनकडेच बघत होती.

"हो. पण खाली येतोय आकडा. मागच्या वेळेपेक्षा बराच."

"सांभाळ बाई. माझी दोघं आहेत खाली." विदुला हसली, पण जुळ्यांचं नाव निघालं की तिचं हसू कपाळापर्यंत पोचत नसे.

केतकीचीही एक होतीच की खाली. तळमजल्याच्या पाळणाघरात तिची सात महिन्यांची बकुळा, घरात बकू, या घटकेला नसीममावशींच्या मांडीवर असेल. झोपली असेल का? की हात चोखत असेल? तिनं पाळणाघराचा कॅमेरा उघडला, पाहिलं, बंद केला. दोन मिनिटांनी पुन्हा उघडला.

नाशिकच्या या कार्यालयात विम्याचे दावे तपासायचं काम चाले. दिवसभर बसून. 'चाहूल' ही वजन आणि श्वास मोजणारी यंत्रणा तिथं येऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी नोकरदार माणूस जाड झाला की दोष त्याचाच असे: त्याच्या जिभेचा, त्याच्या आळसाचा. मग सरकारनं नवा नियम आणला. माणसं नोकरीत बसून बसून जाड होत असतील, तर जाब नोकरी देणाऱ्यानं द्यावा. प्रत्येक कार्यालयाला दर वर्षी सांगावं लागे, आपल्याकडे दर हजार माणसांमागे किती जण नव्यानं स्थूल झाले.

नव्यानं, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. केतकीला कॉलेजातले सर आठवायचे. त्यांनी फळ्यावर एक बादली काढली होती आणि तिच्यावर एक नळ. बादलीत पाणी किती, हा एक प्रश्न. नळाची धार किती, हा दुसरा. जी माणसं आधीच स्थूलतेच्या रेषेपलीकडे होती ती बादलीतली. त्यांना 'जुनी केस' म्हणत, आणि ती मोजणीतून बाहेर. कंपनीची परीक्षा फक्त धारेवर. या मजल्यावर चौऱ्याऐंशी माणसं. त्यातली चौतीस जुन्या केसेस. उरली पन्नास. हजारी वीसची मर्यादा, म्हणजे पन्नासांत वर्षाला एक. ती एक जूनमध्येच होऊन गेली होती. आणखी एक झाली, की मजल्याची हिरवी श्रेणी जाणार, आणि श्रेणीबरोबर पाच वाजता सुटणं आणि तळमजल्याचं पाळणाघर.

नवी केस व्हायच्या नव्वद दिवस आधीच चाहूल ती ओळखायची. खुर्ची दहा ग्रॅमपर्यंत अचूक वजन घ्यायची, पण खरं काम होतं मॉनिटरच्या कडेला बसवलेल्या बोटभर जाळीचं. ती श्वास तपासायची: किती प्राणवायू आत गेला, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला. शरीर साठवलेली चरबी जाळत असेल तर या दोघांचं गुणोत्तर खाली राहतं. साखर जाळत असेल तर वर चढतं. आणि शरीर साखरेपासून नवी चरबी बनवायला बसलं असेल, तर आणखी वर. काट्यावर किलो दिसायच्या कितीतरी आधी श्वास चुगली करतो. एका सोमवारी गुणोत्तर वर गेलं की पिवळा दिवा. सलग चार सोमवार वर राहिलं की लाल. आणि गेल्या वर्षी सुधारलेल्या नियमाप्रमाणे लाल दिवा म्हणजेच नवी केस. रेषा ओलांडेपर्यंत थांबायचं कारणच उरलं नव्हतं.

चौथा सोमवार पुढचा. त्याच दिवशी वार्षिक तपासणीला सरकारी डॉक्टर येणार होत्या.

*

जेवणाच्या सुटीत मोठ्या टेबलावर चाळीस डबे उघडायचे, पण कुणी कुणाला "घ्या ना" म्हणायचं नाही. आग्रह हा प्रकारच नाहीसा झाला होता. वाढदिवसाचे पेढे यायचे. प्रत्येक जण एक उचलून "वा, वा" म्हणायचा आणि रुमालात गुंडाळायचा. ते सगळे पेढे संध्याकाळी गेटवरच्या महाजनकाकांकडे पोचत. काका कंत्राटी, त्यांना खुर्ची नाही की जाळी नाही. तीन वर्षांत काकांच्या गणवेशाची बटणं दोनदा सरकवावी लागली होती.

आणि डब्यातलं उरलेलं कुमुदताईंकडे. कुमुदताई गायधनी, बावन्न वर्षांच्या, जुनी केस. त्यांच्यासमोर वाट्या आपोआप येऊन थांबत. अर्धा पराठा, साबुदाण्याचा वडा, साखरभाताचा घास.

"ठेव, ठेव," कुमुदताई म्हणायच्या. "मी म्हणजे या मजल्याची मोरी. सगळं इथंच यायचं."

सगळे हसायचे. आज केतकीही हसली आणि पर्समधून स्टीलचा छोटा डबा काढून तिनं ताईंकडे सरकवला. आत डिंकाचे दोन लाडू. आईनं कराडहून पाठवलेले, खारीक-खोबरं घातलेले, बाळंतिणीला अंगावर दूध यावं म्हणून. पहिला पिवळा दिवा लागला त्या दिवसापासून केतकीनं एकही खाल्ला नव्हता.

कुमुदताईंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि हात आखडता घेतला.

"हे तुझे आहेत."

"घ्या हो ताई, मला नकोच आहेत."

"मी कसे खाऊ? माझी पोरगी आता बावीस वर्षांची आहे." त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण डबा परत सरकवला नाही. गुडघे दुखत असल्यामुळे टेबलाला धरून उठल्या आणि डबा घेऊन गेल्या.

*

पाळणाघरात दर सोमवारी पोरांची वजनं होत. नसीममावशींकडे जुना पाळण्यासारखा काटा होता आणि शाळकरी पोरांची असते तशी रेघांची वही. या काट्याचा निकाल कुठल्याच श्रेणीत धरला जात नसे.

"सात किलो दोनशे," मावशी म्हणाल्या.

"मागच्या सोमवारी?"

"सात दोनशे पन्नास. त्याच्या आधी तीनशे." मावशींनी बकूला उचलून खांद्यावर घेतलं. बकू मावशींच्या ओढणीचं टोक चोखायला लागली. "पोरगी भुकेली राहते, बेटा. नाचणीचं सत्त्व दिलं तर तोंडात धरते आणि फुर्र करते. बाटलीला तर हात मारते. तुझ्याच अंगाला लागली की शांत. पण पाच मिनिटांत सोडून रडते. दूध कमी झालंय काय?"

"नाही हो. दात येत असतील."

किती पटकन बोलून गेली ती! दात. मावशींनी एका हातानं वहीत आकडा लिहिला.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"लाडू संपले असतील ना? दुसरे करते."

"आहेत अजून थोडे."

"खातेस ना पण?"

"खाते गं."

स्वयंपाकघराच्या दारात बकूला कडेवर घेऊन उभा असलेला हर्षल हे ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "काकडी आणि ताक. दोन आठवडे मी बघतोय. कधी सांगणार होतीस?"

"काय सांगू? की माझ्यामुळे विदुलाची दोन पोरं रस्त्यावर येणार?"

"आणि आपली?"

"आपली पण त्याच पाळणाघरात आहे, हर्षल! ते गेलं तर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हिला कुठे ठेवू? मग दिवसातून दोनदा जे पाजते तेही बंद." तिचा आवाज चढला तशी बकू रडायला लागली. "पाळणाघर टिकवायला मी खायचं नाही. खाल्लं नाही तर दूध नाही. सांग ना, कुठलं बटण दाबू?"

हर्षल बकूला घेऊन गॅलरीत गेला आणि खालच्या रिक्षा दाखवायला लागला.

*

बुधवारी केतकीनं एक गोष्ट केली जी खरं तर तिनं पहिल्याच आठवड्यात करायला हवी होती. मावशींच्या वहीतले आकडे उतरवून आणले आणि चाहुलीचा आपला आलेख उघडून त्याच कागदावर तारखेला तारीख लावून मांडले.

दोन्ही रेषा एकाच सोमवारी मान टाकत होत्या.

गुणोत्तर खाली येत होतं आणि बकूचं वजन त्याच्यामागून उतरत होतं. आणि तिचं स्वतःचं वजन? तिसरी रेष. ती लाडू बंद करायच्या आधीसुद्धा चढलेली नव्हतीच. कामावर परतल्या दिवसापासून जवळजवळ सपाट. म्हणजे गुणोत्तर ओरडत होतं की हे शरीर चरबी बनवतंय, आणि खुर्ची म्हणत होती की चरबी साठत नाहीये. मग बनलेली चरबी जात कुठे होती?

ती खुर्चीत ताठ बसली. ब्लाउजच्या आत ओलसर लागत होतं. साडेअकरा वाजले होते, बकूची वेळ झाली होती.

दूध! पाजणाऱ्या बाईचं शरीर साखरेपासून स्निग्धांश बनवतं आणि दुधातून बाहेर पाठवतं. जाळीला कळतं ते इतकंच, की साय धरतेय. ती साय कुणाच्या तोंडी जाते, हे श्वासावरून कळायचं कसं?

तिनं चाहुलीची माहितीपुस्तिका उघडली. कुणीही न वाचलेल्या परिशिष्टात, चौथ्या तक्त्याखाली, बारीक अक्षरात होतं: मूळ अभ्यासातून प्रसूतिरजेवरील महिला वगळण्यात आल्या आहेत. रजेवरच्या वगळल्या, आणि परत आलेल्यांसाठी वेगळा रकाना करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कामावर हजर होताना तिनं स्वतःही अर्ज भरला होता. 'प्रसूतिरजेवर आहात का?' 'नाही.' पुढचा प्रश्नच नव्हता.

विभागप्रमुख प्रसन्न कुलथे तिच्याच वयाचा, बोलायला बरा. त्यानं कागद नीट पाहिला.

"पटतंय मला. तक्रार टाकतो मी वर. पण केतकी, यंत्रात बदल व्हायला आठ महिने तरी."

"सोमवारचं काय?"

"तुला डॉक्टरांकडून पत्र आणून मोजणीतून तात्पुरतं बाहेर पडता येईल. फक्त..." त्यानं पेन फिरवलं. "बाहेर असलेल्यांना श्रेणीच्या सवलती नाहीत. पाळणाघर नाही."

"म्हणजे दुधासाठी सूट घ्यायची आणि ते दूध पाजायची जागा सोडायची."

"नाहीतर मग दुसरं... हे बघ, राग मानू नकोस. तुझा आकडा रेषेच्या अगदी जवळ आलाय. आणखी पाच दिवस हेच चालू ठेव, सोमवारी दिवा हिरवा होईल. मग खा काय खायचं ते."

पाच दिवस! तिनं मनात लगेच गुणाकार केला. दिवसाला सातेक ग्रॅम. म्हणजे पस्तीस. पस्तीस ग्रॅम बकू.

ती जिना उतरून खाली गेली. बकूला पाजायला घेतलं. चार मिनिटांत बकूनं तोंड सोडलं, रागानं तिच्याकडे बघितलं आणि ओठ काढून रडायला लागली. केतकीनं तिला उगी केलं नाही. तशीच घेऊन बसली, आणि मग मावशींना म्हणाली, "मावशी, दात नाहीयेत हो. माझं दूधच आटलंय."

"मला माहीत होतं," मावशी म्हणाल्या.

त्या दुपारी केतकी मोठ्या टेबलावर कुमुदताईंसमोर जाऊन बसली.

"ताई, लाडू आहेत का अजून?"

कुमुदताईंनी पिशवीतून डबा काढला. आतले सोमवारचे दोन, मंगळवारचे दोन, चारही जागच्या जागी होते. "वाट बघत होते कधी मागतेस," त्या म्हणाल्या.

केतकीनं लाडू फोडला नाही, अख्खाच तोंडाला लावला. दात लागताच डिंक कुरकुरला. विदुला हातातला चमचा ठेवून उठली आणि निघून गेली.

*

सोमवारी सकाळी डॉ. लोखंडे आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, हातात टॅब्लेट. केतकी चपला, बांगड्या, चाप, सगळ्यासकट खुर्चीत बसली. दिवा पांढरा लुकलुकला, पिवळा झाला आणि मग लाल. मजल्यावर कुणीतरी "गेलं" असं म्हणाल्याचं ऐकू आलं.

"केतकी दाभाडे. नवी केस," डॉक्टरांनी टॅब्लेटवर बोट टेकवलं.

"मॅडम, पंधरा मिनिटं द्याल? खुर्चीचा आकडा तेवढा बघून ठेवा."

"बासष्ट किलो तीनशे चाळीस."

जिन्यावरून नसीममावशी बकूला घेऊन येत होत्या; सकाळी त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. त्या या मजल्यावर कधी आल्या नव्हत्या, बिचकतच टेबलांमधून वाट काढत होत्या. केतकीनं बकूला मांडीवर घेतलं, ओढणी पुढे ओढली आणि तिथंच, त्या खुर्चीत, पाजायला बसली. प्रसन्नला खिडकीबाहेर अचानक फार महत्त्वाचं काही दिसायला लागलं.

ओढणीखालून बकूचं गटगट गिळणं तेवढं ऐकू येत होतं. पाच मिनिटं झाली. सात झाली. पुरेसं दूध आलं नाही तर? चारच दिवस झाले होते खायला लागून. अकराव्या मिनिटाला बकूनं स्वतःहून तोंड सोडलं, आणि रडली नाही. मावशींनी तिला उचललं.

"आता बघा, मॅडम."

डॉक्टर वाकल्या. "बासष्ट दोनशे पन्नास." त्यांनी चष्मा वर केला. "नव्वद ग्रॅम."

"ते नव्वद ग्रॅम यांच्या खांद्यावर आहेत," केतकी मावशींकडे बोट दाखवून म्हणाली. "यंत्र बनवणं मोजतं. साठवणं मोजत नाही. मूळ अभ्यासातून बाळंतिणी वगळल्या, परिशिष्टात लिहिलंय, आणि परत येऊन पाजणाऱ्यांना वेगळा रकानाच नाही." तिनं तीन रेषांचा कागद पुढे केला.

डॉक्टरांनी तो उभ्या उभ्या वाचला. पुन्हा वाचला. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे रकाने दोनच आहेत. नवी केस, जुनी केस."

"जुनीबद्दल मी एक विचारू?" मागून आवाज आला. कुमुदताई टेबलाला धरून उभ्या होत्या. "मी जुनी. चाहूल आली तेव्हा एक्क्याऐंशी किलो होते. आज ब्याण्णव. हे अकरा किलो तुमच्या कुठल्या रकान्यात लिहिलेत?"

"जुन्या केसेसची वाढ... ती धरत नाहीत."

"तेच म्हणते मी. या पन्नास जणांचं टाकलेलं मी खाल्लं, खाली गेटवर महाजननं खाल्लं. यांचा आकडा छान राहिला." "माझं पोट भरायचं म्हणून नाही खाल्लं हो. कुणी पुढे केलेलं टाकवत नाही म्हणून खाल्लं."

चाळीस-पन्नास माणसं होती, पण वर कुणी बघेना. प्रत्येकाला आपापला पराठा आठवत असावा.

डॉ. लोखंडे बराच वेळ टॅब्लेटवर लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "नोंद लालच जाईल. ती मला पुसता येत नाही. पण खाली शेरा लिहिलाय, दोघींचाही. शेऱ्याचा निर्णय होईपर्यंत श्रेणी आहे तशी राहील. तीन महिने धरा."

"आणि त्यानंतर?" हे विदुलानं विचारलं.

"त्यानंतर शेरा कोण वाचतो त्यावर."

तीन महिने. बकू दहा महिन्यांची होईल, केतकीनं मोजलं. तोवर नाचणी गिळायला लागेल का? कदाचित. विदुलाची जुळी तेव्हाही तीन वर्षांचीच असतील. तिनं विदुलाकडे बघितलं. विदुला तिच्याकडे न बघता बकूचा निसटलेला मोजा मावशींच्या हातात देत होती.

पुढच्या सोमवारी मावशींचा काटा सात किलो तीनशे तीस म्हणाला. "लिहा, लिहा," केतकी म्हणाली, आणि मावशींनी लिहिलेलं तिनं पुन्हा स्वतः वाचून बघितलं.

वर टेबलावर लाल दिवा तिची वाटच बघत होता. आता तो रोज लागणार होता, नोंद झालेली केस म्हणून. येता-जाता सगळ्यांचे डोळे आधी तिकडे वळत. केतकीनं पर्समधून बकूचं टोपडं काढलं, फुलाफुलांचं, कानांवर यायचं ते, आणि दिव्याच्या डोक्यावर चढवलं. नाडी खाली सैलसर बांधली.

जेवायच्या सुटीत ती मोठ्या टेबलावर गेली तेव्हा विदुला आधीच बसलेली होती. समोर डबा. बराच वेळ तिनं पोळीचे तुकडे नुसते इकडून तिकडे केले. मग कुणाकडेही न बघता डबा मधे सरकवला.

"घारगे केलेत," ती म्हणाली. "घ्या ना. ताई, तुम्ही नको. केतकी, तू घे." आणि पहिला तिनं स्वतः उचलला.